न धुतलेला शर्ट

आमच्याकडं कापूस वेचायला जाताना बाया साडीवर पुरुषाचा जुना शर्ट घालतात. पूर्ण बाह्यांचा. बोंडाची सुकलेली टोकं हात ओरबाडतात, उन्हानं कातडं भाजतं, पानांवरचं औषध अंगाला लागतं, म्हणून. नवऱ्याच्या शर्टाची कॉलर विरली की तो शर्ट बायकोचा होतो. पण त्या शर्टाचे कायदे असतात. ते कुणी शिकवत नाही, आपोआप कळतात. तो घालून गावातून चालायचं नाही. शेताच्या बांधावर पोचल्यावर घालायचा आणि निघताना काढून, वेचलेला कापूस टाकायला कमरेला बांधतात त्या ओटीच्या फडक्यात गुंडाळायचा. घरी तो समोरच्या दोरीवर वाळत घालायचा नाही, मागं गोठ्याच्या खुंटीला टांगायचा. पाहुणे आले तर तो त्यांच्या नजरेला पडता कामा नये. माझ्या आईचा शर्ट निळ्या चौकड्यांचा आहे हे मला, त्यात शिवण घालायला तो हातात घेतला तेव्हा कळलं. तोवर मी एमएस्सी झाले होते.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते आणि सांगताना आवाज खाली करत नाही. जाफराबादच्या बाजूचं आमचं खेडं, तिथून जालन्याला बीएस्सी, पुढं विद्यापीठात एमएस्सी, आणि आता तिथल्याच प्रयोगशाळेत संशोधन सहायक. शिकलेल्या माणसाला कशाचीच लाज वाटू नये, असं माझं ठाम मत होतं. वर्गात मराठवाड्याच्या बोलीवरून कुणी हसलं, तर मी मुद्दाम आणखी जोरात ‘न्हाई’ म्हणायचे.

आमची प्रयोगशाळा एका फितीवर काम करते. गॅस पेटवायचा लायटर सगळ्यांनी पाहिलाय. खटका दाबला की ठिणगी पडते. त्यात सेल नसतो. आतल्या एका खड्यावर दाब पडला की तो वीज देतो, एवढंच. आमची फीत त्याच जातीची. पण खड्यासारखी टणक नाही, दुधाच्या पिशवीसारखी मऊ आणि पातळ. वाकवली की थोडी वीज, सरळ केली की पुन्हा थोडी. थोडी म्हणजे खरंच थोडी. तिच्यावर मोबाईल चालणार नाही. पण कपड्यात शिवता येईल असं एक चिमुकलं यंत्र, जे अंगाची उष्णता मोजतं, ती धोक्याला पोचली की लाल दिवा लुकलुकवतं आणि मोजलेलं सगळं लक्षात ठेवतं, तेवढं चालतं. माणूस हात हलवत राहिला की यंत्र चालत राहतं. सेल बदलायला नको, चार्जिंगला लावायला नको.

हे कुणासाठी, असा प्रश्न आला तेव्हा बाकीच्यांनी धावणारे खेळाडू सांगितले, दवाखान्यातले रोगी सांगितले. मी म्हटलं, कापूस वेचणाऱ्या बाया. ऑक्टोबरच्या उन्हात त्यांना भोवळ येते आणि त्या ती कुणाला सांगत नाहीत. आणि त्यांचा कोपर दिवसभर थांबत नाही. माझ्या मार्गदर्शक मॅडमना ते एकदम पटलं. अडचण एकच होती, घाम. घामातलं मीठ फितीवरचा चांदीच्या रंगाचा लेप खातं. त्यावर आम्ही एक नवं आवरण बसवलं होतं. ते खऱ्या घामात, खऱ्या कामात टिकतं का, हे दाखवायचं होतं. ते दाखवलं तर पुढच्या टप्प्याला मंजुरी आणि माझी नेमणूक चालू. नाही दाखवलं तर काम बंद आणि मी परत गावाला. मधलं काही नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी फिती घेऊन घरी गेले. आईचा, चुलतीचा आणि शेजारच्या एका वहिनीचा असे तीन शर्ट ओसरीवर घेऊन बसले आणि कोपराच्या आतून, काखेच्या कडेनं फिती शिवल्या आणि कॉलरपाशी यंत्र बसवलं. चुलती समोर पाय पसरून बसली होती. तिच्या तोंडाला कधीच कुलूप नसतं.

“गावात लाइट न्हाई आन् ही बाई काखंत लाइट बसवून राह्यली,” ती म्हणाली. “आता तुहा काका म्हणंल, घरात कंदील कशाला, हिलाच हात हालवाय सांगा.”

“तुमच्या हातापेक्षा तोंडाला लावली असती तर सगळ्या गावाला पुरली असती,” मी म्हटलं.

“लाव की मंग!” ती हसली. आईसुद्धा हसली, पदर तोंडाला लावून.

मग मी महत्त्वाचं सांगितलं. “एक ध्यानात ठेवा. वेचणी संपेस्तोवर हे शर्ट धुवायचे न्हाईत.”

“अजिबात?” आईनं विचारलं.

“अजिबात न्हाई.”

“वास मारंल की गं.”

“मारू दे.”

“मारू दे म्हणती,” चुलती म्हणाली. “हिला काय, ही तिकडं पंख्याखाली. आमच्या शेजारी वेचाय कोण उभं राहीन?”

पण तिघींनी कबूल केलं. आईनं तर माझ्यासमोर शर्ट गोठ्याच्या खुंटीला टांगला आणि वडिलांना बजावलं, “याला हात लावू नका. पोरीचं काम हाय.” वडील म्हणाले, “शर्ट माहा, आन् मलाच हात लावू देऊ नका.” मला तेव्हा फार बरं वाटलं. माझं काम घरात शिरलं होतं.

वेचणीभर मी फोनवर विचारत राहिले. दिवा लागतो का, दुखतं का, फीत टोचते का. आई म्हणायची, बराबर चालू हाय. चुलतीनं फोन घेतला की मजा यायची. आईच्या कॉलरजवळचा दिवा लुकलुकला की ती लांबून ओरडायची, “अगं, तुहं इंजन तापलं, बस सावलीला!” आणि आई बसायची. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी फोन तसाच कानाला धरून उभी राहिले. माझ्या आईला वेचणीत सावलीला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बसायला तिला काहीतरी कारण लागत होतं, आणि ते मी दिलं होतं. मॅडमना मी हे दोनदा सांगितलं.

वेचणी आटोपली. मी जाफराबादला येऊन लगेच परतीची बस धरणार होते, म्हणून आई शर्ट घेऊन स्टँडवर आली. चांगली साडी नेसून आली होती. मी दिलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या तिनं तोंड बंद करून, वरून कापडात गुंडाळून आणल्या होत्या. नियम असा होता की पिशवी मध्ये कुठं उघडायची नाही, थेट प्रयोगशाळेत उघडायची. मी उघडली नाही.

“बराबर ठिवलेत,” आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर एक गुपचूप आनंद होता. मला वाटलं, काम पार पडल्याचा असेल.

“वहिनीचा हाय का यात?”

“तिघींचे हायेत. समदे म्याच गोळा केले. तू जा, गाडी लागली.”

आढावा घ्यायला बाहेरून दोन तज्ज्ञ आले होते. मॅडमनी त्यांना खेड्यातल्या बायकांबद्दल, उन्हाबद्दल, माझ्याबद्दलही चांगलं सांगितलं. “ही स्वतः त्या घरातली आहे,” असं म्हणाल्या. मी ताठ उभी होते. मग मॅडमनी हातमोजे चढवले आणि टेबलावर पहिली पिशवी उघडली.

साबणाचा वास आला. साबणाचा आणि निळीचा.

शर्ट घडी घातलेला होता, बाह्या मागं दुमडून, दुकानात असतो तसा. मॅडमनी तो उलगडला. पांढऱ्या चौकड्या पुन्हा पांढऱ्या झाल्या होत्या. विरलेल्या कॉलरला बारीक टाके घातले होते. आणि बाहीवर इस्त्रीची घडी होती. सरळ नव्हती, जरा वाकत गेलेली, मध्येमध्ये गोल ठसा उमटलेला. तो ठसा मी कुठंही ओळखला असता. आमच्या घरी इस्त्री नव्हती. आई तांब्यात निखारे घालायची आणि तांब्या फडक्यानं धरून कपड्यावरून फिरवायची. माझा शाळेचा गणवेश ती असाच करायची, पंधरा ऑगस्टला, परीक्षेच्या पहिल्या दिवशी. तशीच वाकडी घडी, तसाच तांब्याच्या बुडाचा ठसा.

दुसरा शर्ट तसाच. तिसराही तसाच.

फितीचं काही उरलं नव्हतं. धोपटण्यानं लेपाला भेगा पडल्या होत्या. मुख्य म्हणजे ही फीत एका मर्यादेपलीकडं तापवली की तिच्यातली वीज करायची ताकदच जाते, कायमची. निखाऱ्यांचा तांब्या त्या मर्यादेच्या कितीतरी पुढं. यंत्राच्या पोटात पाणी गेलं होतं. घाम तर नावालाही नव्हता.

“वा,” पाहुण्यांतले एक म्हणाले, “वेचणाऱ्या बाईचा घाम अगदी साबणाच्या जाहिरातीतला निघाला.” दुसरे हसले. मग खोलीतले आमचेच दोघं-तिघं हसले. वाईट हेतूनं नाही, हसू येण्यासारखंच होतं ते.

“हे काय?” मॅडमनी मला विचारलं.

“माझ्या आईनं धुतले.”

“सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं होतं.”

“मग?”

उत्तर होतं, पण त्या टेबलापाशी ते बोलता येत नव्हतं. कान तापले, मान आपोआप खाली गेली. कुणाची लाज वाटत होती ते मला सांगता आलं नसतं. आईची वाटत होती, आणि तिची वाटते म्हणून स्वतःची. त्या तीन इस्त्रीच्या घड्यांकडं सगळे बघत होते, आणि मला वाटत होतं की हे आमच्या चुलीपर्यंत बघताहेत.

पाहुणे भले होते. खरा वापरलेला शर्ट आणा, मग बोलू, म्हणाले. तोवर मंजुरी अडकली. मॅडमनी बाहेर मला विचारलं, “वेचणी अजून कुठं राहिलीय का?”

“फरदड आहे,” मी म्हटलं. वेचणी झाल्यावरही झाडं उपटत नाहीत, पाणी देऊन आणखी थोडा कापूस घेतात, ती फरदड. आमच्या शेतात उभी होती.

“मग जा,” त्या म्हणाल्या. “शेवटचीच संधी आहे ही.”

मी नव्या फिती, नवं यंत्र आणि तोच निळा शर्ट घेऊन निघाले. काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीत बसून घरी काय बोलायचं याची मी तयारी केली. स्पष्ट बोलायचं, असं ठरवलं. मला तेवढंच येतं.

आई चुलीपाशी भाकरी टाकत होती. वडील दारात बसले होते. मी शर्ट बाहेर काढला तसं तिनं बघितलं आणि विचारलं, “काय म्हणले?”

“हसले,” मी म्हटलं.

तिचा हात परातीत थांबला. “वास आल्ता का अजून?”

मला काही कळेना. ती पुढं म्हणाली, “दोन डाव धुतला म्या. सोडा टाकून भिजू घातला. काखंतला जात न्हाई गं लवकर.”

हसले म्हणजे शर्ट पुरता स्वच्छ झाला नसेल, असं तिला वाटत होतं. तेवढ्यावर सोडून दिलं असतं तर बरं झालं असतं, पण मी सांगायला आले होते.

“वासानं न्हाई हसले, आई. धुतला म्हणून हसले. त्यांना घामाचाच पाहिजे होता.”

“सोच्छ करून दिलं म्हणून हसले?”

“हो.”

ती भाकरी उलटायची विसरली. करपल्याचा वास आला तशी तिनं ती तव्यावरून ओढली आणि बाजूला ठेवली. मग खाली बघत म्हणाली, “वेचणीभर न्हाई धुतला. तू म्हणली व्हती. पाठीला मिठाचे पांढरे डाग पडल्ते, आंगाला कडक लागत व्हता, तरी न्हाई धुतला. काम झालं. वीज करायची ती झाली. मंग न्यायच्या वक्ताला तसाच देऊ? तुह्या मॅडमच्या हातात? लोकं म्हणले असते, हिची माय अशी हाय.”

“तेच तर पाहायचं होतं त्यांना. घाम.”

“काय पाहायचं त्याच्यात?”

मी समजावलं. आवरण कापून काचेखाली धरतात, मिठाचे कण कुठवर गेले ते बघतात. जसजशी सांगत गेले तसतशी ती पदर ओढून घेत गेली. कोपरापासून, मग खांद्यावरून, पार गळ्यापर्यंत. जणू कुणी समोर उभं आहे.

“माह्या काखंतला घाम,” ती म्हणाली, “परका माणूस काचंखाली धरून पाहणार. हे तू मला आधी न्हाई सांगितलं.”

खरंच सांगितलं नव्हतं. लपवलं नव्हतं, सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

“घाम तर मलाही येतो,” दारातून वडील म्हणाले. “शर्ट माहाच हाय. मी घालतो.”

“तुमी वेचता का?” आई म्हणाली.

“वेचत न्हाई, घालून बसतो.”

“बसल्या बसल्या काय घाम येतो तुम्हाला? जेवताना येतो तेवढाच.”

एरवी आम्ही हसलो असतो. तिनं नवी भाकरी थापायला घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “तुह्यासाठी उन्हात मर म्हणलं तर मरीन. पण हे न्हाई. मी तो शर्ट घालणार न्हाई. तिकडं कुणी हसाय पाहिजे म्हणून तर बिलकुल न्हाई.”

माझी नोकरी जाईल, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “माहीत हाय मला. म्हणून तर घास उतरून न्हाई राह्यला.”

सकाळी मी फिती शिवून शर्ट अंगात घातला. ड्रेसवरून, घरातच. आई दारात आडवी उभी राहिली.

“हे काय?”

“मी वेचते. माझा घाम. माझी काही हरकत न्हाई.”

“काढ तो. काढ पहिलं.” तिचा आवाज फुटला. “हा शर्ट तुह्या अंगाला लागू नये म्हणून शिकवलं तुला. लोकं म्हणतील, येवढं शिकवून आखीर शर्टच घातला.”

“म्हणू दे.”

“मंग बांधावर जाऊन घाल. गावातून नको.”

मी तोच हेका धरला. लाज वाटायचं कारणच काय, म्हणून तसाच घालून निघाले. आई माझ्या पुढं चालू लागली, भराभर, मागं न बघता. आम्ही दोघी एका घरच्या आहोत असं वाटूच नये इतकं अंतर ठेवून. गल्लीच्या तोंडाशी चार माणसं बसली होती. त्यांतले एक म्हातारे आजोबा, माझ्या बारावीच्या निकालाला ज्यांनी पेढा खाल्ला होता, कपाळावर हात धरून बघत राहिले.

“कोण गं? मॅडम का?” ते म्हणाले. “आज रोजानं चालली काय बाई?”

बाकीचे हसले. मी उत्तर देणार होते, माझ्याकडं उत्तरं कायम तयार असतात. पण तोंड उघडेना. शर्टाच्या बाह्या हाताच्या पंजावर आल्या होत्या आणि मी त्या आणखी खाली ओढत होते, आई पदर ओढत होती तशाच. जालन्यात, विद्यापीठात, टेबलापाशी कुणी काही म्हटलं तर मी तिथं पाहुणी होते. हे माझं गाव होतं. पुढं आईची पाठ दिसत होती आणि ती पाठ सगळं ऐकत होती.

शेतात चुलती आधीच आली होती. तिनं मला बघितलं, आईकडं बघितलं आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही. माझ्या कमरेला ओटी बांधून दिली आणि एक तास, म्हणजे झाडांची एक ओळ, माझ्या वाट्याला लावून दिलं.

मला वेचता येत नाही असं नाही. लहानपणी वेचलंय. पण हात विसरले होते. बोंडातून कापूस एका हिसक्यात यायला हवा, तो माझ्या बोटात अर्धा राहायचा. नखांच्या कडेला टोकं रुतली. फरदडीची बोंडं बारकी, अर्धी किडकी. एकेक बोंड थांबून थांबून निवडावं लागत होतं. कोपर हलतच नव्हता. यंत्र चालू आहे हे दाखवणारा हिरवा ठिपका मधूनच दिसायचा आणि विझायचा.

“तुही लोडशेडिंग चालू झाली वाटतं,” चुलतीला अखेर राहवलं नाही.

ऊन चढलं. त्या दोघींची तासं पुढं निघून गेली, मी मागं एकटी. कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता, पाठीला शर्ट चिकटला होता, आणि हिरवा ठिपका मेला होता. घाम होता पण वीज नव्हती. असा शर्ट नेऊन उपयोग नव्हता. मला रडू येत होतं आणि ते घामात दिसणार नाही एवढंच बरं होतं.

आई तास संपवून परत फिरली आणि माझ्यासमोर येऊन थांबली. माझी बोटं बघितली, कॉलरजवळचा विझलेला ठिपका बघितला. मग म्हणाली, “काढ.”

“आई, मी करते. सवय होईल.”

“काढ म्हणलं न. जल्दी.”

मी शर्ट काढला. पाठीमागं ओला चिंब होता. तिनं तो घेतला, झटकला नाही, तसाच अंगात घातला. ओलं कापड अंगाला लागलं तशी तिच्या तोंडावर एक आठी उमटली आणि गेली.

“आता कुणाचा घाम कुणाचा,” ती म्हणाली, “त्यांच्या बापाला कळत न्हाई.”

“इकडं आण, माहाही घालते मिसळून!” चुलती पलीकडून ओरडली. “हंगामाचा काला होऊन जाऊ दे.”

फरदड संपेपर्यंत मी रजा टाकून राहिले. शर्ट आमच्या दोघींत फिरायचा. आई जास्त, मी कमी. चुलतीनंही एकदोनदा हौसेनं घातला. त्याच्यावर मिठाचे पट्टे चढत गेले. जाताना-येताना तो ओटीच्या फडक्यात असायचा. मी पुन्हा तो गावातून घालून चालले नाही. तेवढं माझ्याच्यानं झालं नाही.

शेवटच्या दिवशी मी नळाशी हातपाय धुवायला बसले. बादलीत पाणी होतं, कडेला साबणाची वडी होती, आणि मांडीवर शर्ट. मी तो नाकाशी नेला. आंबट, जुना, डोक्यात जाणारा वास. त्यात मी होते हे मला माहीत होतं. हा आता मॅडमच्या टेबलावर उघडणार, सगळ्यांसमोर. मला तो धुवावासा वाटला. सगळा नाही, निदान कॉलर, निदान काखेचा भाग फितीच्या कडेकडेनं. माझा हात वडीकडं गेलाही असेल.

आई ओट्यावरून बघत होती. “टाक पिशवीत,” ती म्हणाली. “न्हाईतर मी धुईन.”

मी पिशवीत टाकून तोंड बंद केलं.

प्रयोगशाळेत पिशवी उघडली तेव्हा पाहुणे नव्हते, आम्हीच होतो. मॅडमनी हातमोजे घातले. वास खोलीभर पसरला. कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या कामाकडं बघू लागले. मग आमच्यातला एक सहकारी उठला, सावकाश खिडकीपाशी गेला आणि कुणाला वाईट वाटू नये इतक्या हळू त्यानं ती उघडली.

मॅडमना मी सांगितलं की शर्ट तिघींनी आलटून पालटून घातलाय. त्या म्हणाल्या, चालेल, घाम तो घाम. बाह्या कापल्या, तुकडे केले, काचेखाली धरले. काखेच्या बाजूला आवरणानं हार खाल्ली होती. कोपरापाशी ते शाबूत होतं आणि खालची फीत अजून वीज देत होती. ते मोजायला बसलो तेव्हा वाऱ्यानं मीटरचा काटा हलू लागला. मी उठले, खिडकी लावून घेतली आणि जागेवर येऊन बसले. वास होता तसाच राहिला. मोजणी संपेपर्यंत तो सगळ्यांनी घेतला, मीही घेतला, आणि माझे कान शेवटपर्यंत तापलेलेच होते.

मंजुरी मिळाली. संध्याकाळी मी आईला फोन केला. नोकरी राहिली, हे आधी सांगितलं. ती “बरं झालं माय” म्हणाली.

“हसले का कुणी?”

“न्हाई.”

“मंग काय केलं?”

“एकानं खिडकी उघडली.”

मागं चुलतीचा आवाज येत होता, काय म्हणती, काय म्हणती.

“मी लावली,” मी म्हटलं.

“शर्ट कुठं हाय?”

“बाह्या कापल्यात. बाकीचा आहे.”

“धुतला का त्यांनी?”

“न्हाई.”

“मंग धुऊ देऊ नको कुणाला,” आई म्हणाली. “राह्यलेला तसाच घेऊन ये. मी धुते.”